दिव्याच्या खाडीतल्या बारा बाटल्या

ठाकुर्लीत राहून मला सत्तेचाळीस वर्षं झाली. दिवा गावाची खाडी माझ्या घरापासून रिक्षाने पाऊण तासावर. पण खाडीच्या चिखलात पाय घालायचा योग चौऱ्याहत्तराव्या वर्षी आला. लांबचे प्रवास करून आलेल्या बायका आमच्या वाचनालयाच्या अंकात लिहितात. माझा प्रवास जवळचा आहे, तरी लिहिते.

माझी नात सायली ठाण्याच्या एका कॉलेजात शिकते. खाडीकाठच्या दलदलीतून कुठले वायू वर येतात आणि तिथल्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं, हे ती मोजते. हवा तापवणारा मिथेन नावाचा वायू चिखलात तयार होतो, असं तिने मला समजावलं. वर्षभर दर महिन्याला ती तिथे गेली होती. ही शेवटची, बारावी फेरी. ही चुकली तर वर्ष अपुरं राहणार आणि तिचं काम सहा महिने मागे पडणार. नेमकी तिच्या जोडीदारणीला ताप आला. चिखलात एकटीने उतरायचं नाही, असा तिच्या मॅडमचा नियम आहे.

"तुला घड्याळ बघता येतं ना?" सायलीने विचारलं.

"चौथी पास आहे. आकडेही लिहिता येतात."

आदल्या दिवशी दुपारीच ती सामान घेऊन माझ्याकडे मुक्कामाला आली होती. सकाळी सहाला आम्ही रिक्षात बसलो. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला. रिक्षावाल्याने आमच्या मोठ्या प्लास्टिकच्या पेटीकडे बघून विचारलं, "मच्छी आणायला चाललाय काय, मावशी?" मी म्हटलं, "हवा आणायला."

दिव्यात इमारती इतक्या जवळजवळ आहेत की एका खिडकीतल्या फोडणीने दुसऱ्या खिडकीत शिंका येतात. एका वळणावर टँकर उभा होता आणि बायका कॅन, हंडे, बादल्या लावून भांडत होत्या. त्या गल्लीच्या टोकाला इमारती एकदम संपल्या. पुढे जुनं गाव, चार होड्या आणि खाडी.

सायलीला दर महिन्याला नेणारी होडी हिराबाईंची. साठीच्या, काळ्या, काटक. त्यांच्या सासरची माणसं पूर्वी मिठागरात राबायची. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ही कोन गो, तुझी आयस?"

"आजी," सायली म्हणाली.

"मंग चिखलान कशाला आनलीस हिला? रुतली तं काढाची कोनी?"

"तुम्ही काढा," मी म्हटलं. "तुमचे हात मजबूत दिसतात."

त्या हसल्या आणि मला हात देऊन होडीत घेतलं. सुकती (ओहोटी) लागली होती. पाणी परत चढायच्या आत सगळं आटपायला आमच्याकडे अडीच तास होते.

खाडी सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पिशव्या, चपला, थर्माकोल, एक गणपतीचा फुटका पाट, सगळं तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) मुळांत अडकलेलं. वासही आहे. पण पाणी उतरलं तसा चिखल उन्हात चमकायला लागला आणि त्यावर निवट्या (चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे) टुणटुण पळायला लागल्या. एक बगळा आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला बरं वाटलं. इतक्या घाणीत कुणीतरी आपला संसार नीट करत होतं.

"पाय उभा टाकू नको बाय," हिराबाई म्हणाल्या. "सरकवीत ये. नायतर गुडघ्यापातूर जाशील."

मी सरकवत गेले. काम चालतं तिथे फळ्या टाकलेल्या असतात. चिखलावर वजन पडलं की आतले बुडबुडे सुटतात आणि मोजणी खोटी येते, म्हणून फळीवरच उभं राहायचं. चिखलात रुतवून ठेवलेल्या चौकटीवर सायलीने पेटी उपडी बसवली, म्हणजे वर येणारा वायू आत साठतो. पेटीच्या बुचातून सुईने हवा ओढून ती काचेच्या छोट्या कुप्यांत भरायची. पहिल्यांदा लगेच, मग दर दहा मिनिटांनी. मी घड्याळ बघून "आता" म्हणायचं आणि वहीत वेळ लिहायची. एवढंच काम, पण जीव लावून करावं लागतं. एकदा बगळ्याकडे बघण्यात माझी काही सेकंदं गेली, तर सायलीने मान न वळवता विचारलं, "आजी, झोपलीस का?"

दोन कुप्यांच्या मधल्या वेळात पाण्याच्या बाटल्या भरायच्या. बारा जागा, बारा बाटल्या. ज्या जागा आधी पाण्याखाली जातात, त्या आधी उरकायच्या. सायलीने पहिली बाटली खाडीच्या पाण्याने विसळली, तर तोंडाशी फेस आला.

"हिरामावशी, हे बघा," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात असा फेस नव्हता."

हिराबाई होडी सोडून गुडघाभर चिखलातून आल्या. "मी कवापासून बोलते. वरशी कोनतरी घान सोरतात. मासली मरते. आमी सांगतो तवा कोन आयकत नाय. लिव गो, लिव."

दुसऱ्या बाटलीलाही फेस आला, तिसरीलाही. सायलीचा चेहरा उजळला होता. तिने वहीच्या पानावर मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं, "पाण्यात साबणासारखा फेस..."

आदल्या संध्याकाळी मी बाटल्यांची पिशवी उघडून बघितली तेव्हा त्यांना आंबूस वास येत होता. पोरगी एवढी शिकली पण बाटल्या धड धूत नाही, असं म्हणत मी बाराच्या बारा घासून काढल्या. नळाचं पाणी गेलं होतं, म्हणून तांब्याभर पाण्यात जेमतेम दोनदा विसळल्या. पुसून पुन्हा पिशवीत भरल्या. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पहिला फेस बघितला तेव्हाच मला कळलं होतं. मी तीन बाटल्या गप्प बसले. हिराबाईंसमोर अडाणी ठरायची लाज वाटली, आणि त्यांचं गाऱ्हाणं लिहिलं जातंय तर जाऊ दे, असंही मनात आलं. दोन्ही कारणं सांगते, कारण दोन्ही खरी आहेत.

"थांब," मी म्हटलं. "फेस खाडीचा नाही. माझा आहे."

"म्हणजे?"

"बाटल्या मी घासल्या. काल."

"साबणाने?"

"मग कशाने घासतात?"

सायलीने वही मिटली. "आजी, त्या लॅबमध्ये अ‍ॅसिडने धुतलेल्या होत्या. पाण्यात साबणाचे, खताचे अंश किती आहेत तेच मोजायचंय मला. पिशवीवर लिहिलं होतं, उघडू नका."

"इंग्रजीत लिहिलं होतं."

"मग विचारायचं. आणि आत्तासुद्धा पहिल्याच बाटलीला का नाही बोललीस?"

ती रागावली, माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. वर्षभर उन्हातान्हात केलेलं काम मी साबणात घातलं, असं म्हणाली. खोटं बोलली नाही. मी हिराबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातचा साक्षीदार मी काढून घेतला होता.

त्यांनी हाताला लागलेला चिखल पाण्यात धुतला. मग म्हणाल्या, "बरा झाला बोललीस. उद्या कोनी येऊन पानी तपासला आन् फेस नाय गवला, तं बोलतील या बाया खोट्या. मंग खरा फेस येल तवा कोन येनार?" लगेच सायलीकडे वळल्या. "रडतेस काय? दुसऱ्या बाटल्या कवऱ्या पायजेत? बारा?"

सायलीने नाक पुसलं आणि विचार केला. सीलबंद पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या चालतील, म्हणाली. त्या रिकाम्या करून खाडीच्या पाण्याने तीनदा विसळायच्या, आणि बाटल्या बदलल्याचं वहीत लिहायचं. हिराबाई होडी घेऊन गावात गेल्या. सायलीने घड्याळ माझ्या हातात परत दिलं. "चार मिनिटं राहिलीत. लक्ष ठेव." दुसरं कुणी नव्हतं हे खरं, पण पुढच्या वेळा तिने एकदाही स्वतः तपासून बघितल्या नाहीत.

हिराबाई खोकाभर बाटल्या आणि एक मोठी कळशी घेऊन आल्या. सायली बाटलीतलं पाणी चिखलात ओतायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला.

"दिव्यान पानी वतते काय? हितं वत," असं म्हणून कळशी पुढे केली.

तोवर भरती लागली होती. पहिल्या तीन जागा पाण्याखाली गेल्या, तिथलं काही परत घेता आलं नाही. बाकीच्या नऊ मिळाल्या. शेवटच्या बाटलीला पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं आणि हिराबाईंनी मला दंडाला धरून ठेवलं होतं.

मग त्यांनी आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. सकाळी ज्यांचं कौतुक केलं त्यांनाच खाल्लं, आणि चवीनं खाल्लं. प्यायला कळशीतलंच पाणी दिलं. वाढताना सुनेला म्हणाल्या, "हिच्या हाताला ताट देऊ नको गो. घासल."

बर्फाच्या डब्यात बाटल्या आणि पिशवीत कुप्या घेऊन आम्ही दुपारी ठाण्याला लॅबमध्ये पोचलो. मॅडम सायलीहून फार मोठ्या नसाव्यात. सायलीने वही पुढे ठेवली. मी बाहेर बाकावर बसणार होते, पण चूक माझी, म्हणून आत उभी राहिले.

मॅडमनी पान वाचलं. मला वाटलं आता हसतील, नाहीतर "असू दे आजी, वय झालं" म्हणतील. त्या म्हणाल्या, "साबण कुठला होता?"

"हिरवी वडी."

"काथ्याने घासल्या की स्पंजने?"

"काथ्याने. बाहेरून. आत बोट जात नाही, म्हणून साबणाचं पाणी घालून हलवल्या."

"विसळताना पाणी किती घेतलं?"

"एका तांब्यात बाराही."

सायली सगळं लिहून घेत होती. मग मॅडमनी कपाटातून तशीच एक स्वच्छ बाटली काढली. ही काल धुतलीत तशीच धुवा, म्हणाल्या. साबणाचं किती मागे राहतं ते कळलं, तर त्या तीन बाटल्यांचा कदाचित थोडा उपयोग होईल. खालच्या दुकानातून हिरवी वडी आणली. मी पदर खोचला आणि नळाशी उभी राहिले. जास्त स्वच्छ करायचा मोह होत होता, पण काल जेवढी घासली तेवढीच घासली.

संध्याकाळी ठाकुर्लीला परतले तेव्हा पायांच्या नखांत खाडीचा चिखल होता. त्या तीन बाटल्यांचं पुढे काय होईल ते अजून कळलेलं नाही. मी आभार सहसा मानत नाही, पण त्या दिवशीच्या तिघींचे मानते. सायलीने मला म्हातारी म्हणून सोडून न देता रागावून घेतलं. हिराबाईंनी आपलं गाऱ्हाणं बाजूला ठेवून होडी वल्हवली. आणि मॅडम. साठ वर्षं मी भांडी घासते. कशी घासतेस, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि मी सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहवून घेतलं.