गोणीच्या तळाशी पाच माळा

"पाटील, पेडल भारी हो रहा है," रेडिओवर कॅप्टन म्हणाले. मी गंगेच्या पलीकडच्या काठाला, रामनगरच्या बाजूला मैदानातल्या हेलिपॅडवर उभा होतो. थोड्याच वेळात पुन्हा आवाज आला. "पेडल जाम. रेत पर उतार रहा हूँ."

हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक छोटा पंखा असतो, टेल रोटर. तो नसेल तर मोठ्या पंख्याखाली अख्खं हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरू लागेल. या शेपटीच्या पंख्याचा कंट्रोल पायलटच्या पायांत असतो, पेडलवर. आदल्याच दिवशी मी तो पंखा उघडून, ग्रीस भरून पुन्हा बसवला होता. 'उड्डाणास योग्य' या शब्दांखाली सही माझी होती.

काम साधं होतं. पंचगंगा घाटाजवळ राहणाऱ्या वझे गुरुजींच्या समितीचा उत्सव होता. हेलिकॉप्टरमधून घाटांवर झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या. मागच्या सीटवर गुरुजींचा पुतण्या श्रीकांत पाकळ्यांच्या गोण्या घेऊन बसला होता.

शेपटीच्या पंख्याचा भरवसा नसेल तर हेलिकॉप्टर हवेत थांबवून सरळ खाली उतरवता येत नाही. विमानासारखं जमिनीवर घसरत उतरावं लागतं. कॅप्टननी ते बरोबर केलं. पण घाटांसमोरची वाळू वरून टणक दिसते, आत भुसभुशीत असते. उजवी स्किड, म्हणजे खालची दांडी, रुतली आणि हेलिकॉप्टर कुशीवर पडलं. मोठ्या पंख्याची पाती वाळूवर आपटून तुटली.

जीपमधून उतरून मी धावत पोचलो. आधी फ्यूएल बंद केलं, मग बॅटरी. कॅप्टनचं कॉलरबोन मोडलं होतं. श्रीकांत सीटबेल्टला लटकून पाकळ्या थुंकत होता. मला बघून म्हणाला, "काकांना सांगू नका हं. ते फार टेन्शन घेतात."

काका समोरच्या घाटावरून सगळं बघत होते.

दोघांना अँब्युलन्समध्ये बसवलं आणि पुण्याहून आमच्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला.

"टेल रोटर काल तूच उघडला होतास ना?"

"हो सर."

"मग?"

"बघून सांगतो सर," म्हणून मी फोन ठेवला. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. वडील पाचोऱ्याच्या कापूस जिनिंगमध्ये हमाल होते. माझं लायसन्स त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावायला मागितलं होतं. मूळ प्रत कामावर लागते, म्हणून मी त्यांना रंगीत झेरॉक्स दिली होती. ती झेरॉक्स डोळ्यांसमोर आली.

मी शेपटीकडे गेलो. अपघातानंतर चौकशी अधिकारी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो, म्हणून हात मागे बांधून वाकून पाहिलं. पंख्याच्या मध्यभागी, पाती वळवणाऱ्या दांड्यांभोवती, पिवळा नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. त्यात झेंडूची दोन फुलं अजून शाबूत होती. मी फोटो काढले आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराला तिथं उभं केलं.

एवढ्यात वझे गुरुजी नावेतून आले. श्रीकांत ठीक आहे हे मी आधी सांगितलं. त्यांनी गंगेकडे वळून हात जोडले. मग मी विचारलं, "गुरुजी, फक्त सुट्या पाकळ्या भरायच्या असं ठरलं होतं. दोरा कुठून आला?"

"माळांचा असेल."

"कुठल्या माळा?"

"अहो इंजिनियरसाहेब, लोकांवर पाकळ्या चालतात. गंगामाईला तुटलेलं फूल कसं चढवायचं? गोणीत खाली पाच माळा ठेवल्या होत्या, एकदम साबुत. बीच धारेत टाक म्हणून श्रीकांतला सांगितलं होतं. दोरापण मुद्दाम मजबूत घेतला."

"माळ वाऱ्यानं मागे शेपटीच्या पंख्यात ओढली जाते. मला आधी सांगायचं होतं."

"तुम्ही नको म्हटलं असतं ना!"

हे खरं होतं.

मी साहेबांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला, आवाज बदललेला होता. "सुटलास. मेंटेनन्सचा संबंधच नाही." मग म्हणाले, "गोण्या तपासल्याची शीट कोणी भरली?"

"मी सर. वरून हात घालून बघितलं होतं. कोपरापर्यंत."

"शीट कुठे आहे?"

"कॉकपिटमध्ये."

"बघ, कॉकपिटमध्ये वाळू भरलीय. कागद आहे, सापडेल, न सापडेल."

साहेब वाईट माणूस नाहीत. माझ्याच भल्याचं बोलत होते. शीट कॅप्टनच्या सीटमागच्या कप्प्यातून अर्धी बाहेर आलेली मला दिसत होती. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं होती, पण सगळे पंख्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सर, कशाला हात लावायचा नाहीये."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी आले. शीट त्यांनीच काढली आणि माझ्यापुढे धरली. "ही सही तुमची?" मी हो म्हणालो. "गोणी तळापर्यंत पाहिली होती?" मी नाही म्हणालो. त्यांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली.

निकाल असा लागला. पंख्याचं काम निर्दोष, गोण्यांच्या तपासणीत हलगर्जी. लायसन्स तीन महिने निलंबित. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग भिंतीवरचं काढून ठेवू का?" मी म्हणालो, राहू द्या, ती झेरॉक्स आहे.

आता मी प्रत्येक गोणी ताडपत्रीवर उलटी करतो. वीस मिनिटं जास्त लागतात, फुलवाले कुरकुरतात. सही करायला दोन सेकंद लागतात. पण ती कोपरापर्यंतची नसते, तळापर्यंतची असते.