अण्णांचा गिंको

अण्णांचा गिंको मी जाळला. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, म्हणजे सुनंदाला, ठाऊक आहे, पण तिला सांगावं लागलं नाही. ती शेजारीच उभी होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे, महाडचे निवृत्त मास्तर. लग्नापासून त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. (माझाही नाही, पण ते असो.) त्यांनी मोठ्या हौसेनं गिंकोचं रोप मागवलं. चीन-जपानकडचं झाड, हजार वर्षं जगतं म्हणे! महाडच्या उकाड्यात टिकणार नाही म्हणून आमच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या गारव्याला धाडलं. मुलीनंतर त्यांनी माझ्या स्वाधीन केलेला हा दुसराच जीव.

"उन्हात लावा. मुळाशी पाणी साचू देऊ नका. आणि सावकाश वाढतो तो, रोज उठून टेप लावू नका!"

मी सगळं केलं. उंचवटा केला, आधाराला काठी दिली, शेळ्यांसाठी काटेरी कुंपण घातलं. पावसाळाभर पंख्यासारखी पानं डुलली. थंडीत ती पिवळी पडली आणि एका सकाळी सगळी खाली! मागे उरली काडी. पुढे भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा जाळायचे दिवस आले, तरी काडी ती काडीच.

"सुकला रे भाऊ तो," शेजारच्या तुळसाकाकी म्हणाल्या. "टाक माज्या राबात. भाताला तरी उपेग हुईल."

टाकला. हात झटकतोय तोच अण्णांचा फोन!

"जावईबापू, गिंकोची काडी झाली असेल. घाबरून उपटू नका हं! झोपलाय तो. चैत्रात फुटेल."

समोर धूर.

"हो अण्णा. अगदी गाढ झोपलाय."

"अहो, हे काय बोललात?" सुनंदा किंचाळली.

"मग काय सांगू? सावडायला या म्हणून?"

गिंकोच्या पानाला मधोमध चीर असते. तशी चीर शोधत हिंडलो, तर बांधावर आपट्याचं रोप सापडलं. पाऊस पडताच ते खणून त्याच आळ्यात लावलं. अण्णांचा मोतीबिंदू पिकलेला; मी निर्धास्त. दसऱ्याला आपट्याचीच पानं सोनं म्हणून वाटतात, हे या विद्वानाला आठवलं ते थेट दसऱ्याला, अण्णा दारात उतरल्यावर!

अण्णांनी पान डोळ्यांशी नेलं. "बघा ही चीर! आपल्याकडे असं पान शोधून सापडायचं नाही!" (त्यांच्या खिशात महाडच्या बाजारातली आपट्याची जुडी होती.)

तेवढ्यात सोनं द्यायला तुळसाकाकी आल्या. "आवो अण्णा, आपटा हाय तो!"

सुनंदा घाईघाईनं चहा ठेवायला आत पळाली.

अण्णा खो खो हसले. "काकी, तुम्हाला आज सगळीकडे आपटाच दिसणार! जावईबापू, सांगा हो यांना."

"दिसतो खरा तसा," मी पुटपुटलो.

"तुज्या डोल्यान्ला झालंय काय, भाऊ?" काकी म्हणाल्या आणि कपाळावर हात मारून निघून गेल्या.

अण्णांनी मात्र त्याच झाडाचं पान तोडून माझ्या हातात ठेवलं. "इतकी वर्षं तुम्हाला बिनकामाचे समजलो. चुकलो. माफ करा."

आणि मी, निर्लज्जासारखा, "असू द्या हो अण्णा," म्हणत मोठ्या मनानं त्यांना माफ केलं!

अण्णांचं मी दोन गोष्टींचं देणं लागतो: एक गिंको, आणि एक माफी, जी खरं तर मीच मागायची होती.