त्या एका सशाचं सीरम

तांबोळी मॅडमना मी प्रथम पाहिलं ते शिरूरच्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात. मी पुण्याहून नुकतीच रुजू झालेली, कॉन्व्हेंटमधलं मराठी सांभाळून बोलणारी. त्या पाठमोऱ्या बसून एका पांढऱ्या सशाचा कान तळव्यांत धरून त्याला ऊब देत होत्या. “या, पण दार हळू लावा,” एवढंच म्हणाल्या. सशांची देखभाल करणारे, कवठे येमाई गावचे आबा हसले, “भिऊ नगा बाई, मॅडम चावत न्हाईत. ससा चावतो कवातरी.”

आमचं काम एका चमकत्या हिरव्या रंगाचं. पेशींवर खूण करायला तो वापरतात. एकटा रंग इतका सूक्ष्म, की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही. मॅडम तो मोठ्या प्रथिनाला जोडून सशाला टोचत. मग सशाच्या रक्तात त्या रंगाला ओळखणारी प्रतिपिंडं तयार होत आणि त्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या सीरमने संशोधकांना अगदी मंदावलेली खूणही सापडे. प्रत्येक सशाचं सीरम निराळं. त्या पांढऱ्या सशासारखं पुढे कोणीच दिलं नाही.

मागणी वाढली तेव्हा वरिष्ठांनी त्याचं सगळं रक्त एकदमच काढायला सांगितलं. म्हणजे ससा संपला. मॅडम म्हणाल्या, “कानातून देतोय तेवढंच आपलं.” वरिष्ठांची नाराजी त्यांनी मुकाट्याने सोसली. ससा म्हातारा होऊन गेला.

तो ससा होता तेव्हाच माझी आई गेली. मी कामावर परतले, तर मॅडमनी सांत्वनाचा शब्दही काढला नाही. “जरा धर गं याला,” म्हणत त्यांनी ससा माझ्या मांडीवर ठेवला आणि दुपारभर परत मागितलाच नाही.

निवृत्तीनंतर मॅडम दौंड तालुक्यात, यवतला राहायला गेल्या. त्या सशाच्या सीरमची एकच कुपी फ्रीझरमध्ये उरली होती. परवा एका संशोधिकेला तिची गरज पडली आणि माझा हात धजेना. ती संपली, की त्या दिवसांतलं हातात धरण्यासारखं काहीच उरणार नव्हतं. मी मॅडमना फोन केला.

“अगं, उघड की! लोणचं आहे का मुरत ठेवायला?”

“पुन्हा असं मिळायचं नाही, मॅडम.”

“नाहीच मिळायचं. दुसरा ससा घे. त्याचं त्याचं येईल.”

कुपी उघडली. संशोधिकेला तिची खूण सापडली. मी नव्या सशाची मागणी नोंदवली.

नवा ससा आला आहे. पंचाहत्तरी गाठणाऱ्या मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत आणि यवतहून शिरूरला येण्याची हौस टिकून राहो. सशाला आम्ही अजून नाव ठेवलेलं नाही. मॅडम, तुम्ही या.