माहेरच्या विहिरीचा संशय

पत्रिकांच्या माझ्या वहीत दीड वर्षात तीन बाळांच्या नावांपुढे मी एकच खूण केली होती. तिघांचीही आतडी जन्मतःच नाभीलगतच्या छिद्रातून बाहेर आलेली होती. शस्त्रक्रियेने दोन बाळे वाचली, एक गेले. हे व्यंग फार विरळा, असे डॉक्टरांनी त्या घरांना सांगितले होते. इतक्या वर्षांच्या पौरोहित्यात मी ते कधी ऐकलेही नव्हते. आणि आता पत्रिका करून घ्यायला आलेले तिन्ही आजोबा आमच्या कामण गावातले, आमच्याच आळीतल्या विहिरीचे पाणी पिणारे.

ग्रहांना मी दोष दिला नाही. तिन्ही कुंडल्या पुनःपुन्हा पाहिल्या. समान असे काही सापडले नाही. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर मात्र एक गोदाम आहे. तिथे निळी पिंपे धुऊन पाणी ओहोळात सोडतात. सकाळी संध्येला बसलो की ओंजळीतले पाणी मी आधी हुंगत असे.

"आचमनाचं पाणी हुंगता आणि त्याच पाण्यात शिजलेलं वरण मिटक्या मारत जेवता," पत्नी म्हणाली.

त्या दिवसापासून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बाहेरून पाण्याचे जार येऊ लागले.

माझी नात, मुलाची मुलगी, सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे यायची होती. मी तिला फोनवर सांगितले, सासरीच राहा. जार आणले तरी अंघोळीला, भांड्यांना तेच पाणी होते. ती इतकेच म्हणाली, "सगळ्या मुली माहेरी जातात, आजोबा. माझंच माहेर बंद."

मग जन्मजात व्यंगांच्या नोंदी तपासणाऱ्या एक डॉक्टर बाई आल्या. माझ्या वहीविषयी त्यांना एका आजोबांनी सांगितले होते. गोदामाला निर्दोष ठरवायला कुणीतरी यांना पाठवले असावे, असे मला वाटले. वही मी हातात देईना, मांडीवरच उघडी धरली.

"गुरुजी, यात जन्मस्थान आहे. दिवस राहिले तेव्हा या मुली कुठे होत्या?"

"पत्रिकेला ते लागत नाही."

"मला तेवढंच लागतं. पोटाची ही भिंत पहिल्या तीन महिन्यांतच मिटते. सातव्या महिन्यात आलेल्या मुलीच्या बाळाला इथल्या पाण्याने हे व्यंग कसं होईल?"

मी वहीतली तिन्ही पाने पुन्हा पाहिली. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून पत्रिका सांगायला येतात ते मुलीचे वडील. त्यांचे गाव मी निष्ठेने लिहीत आलो होतो. आईचे त्या दिवसांतले गाव कधी विचारलेच नव्हते. बसल्या जागेवरूनच तिन्ही घरी फोन केले. एक मुलगी तेव्हा विरारच्या सदनिकेत होती, दुसरी नाशिककडे. तिसरीचे सासरही कामणलाच. ती मात्र याच विहिरीवर होती.

"तिघींतली एक उरली," मी म्हणालो.

"एकीसाठीही पाणी तपासायचं. आणि ज्यांची बाळं धडधाकट आहेत, त्या आयांनाही हेच विचारायचं. नाहीतर तुम्हाला खुणाच दिसत राहतील." त्यांनी विहिरीचे पाणी बाटलीत भरून घेतले.

त्या गेल्यावर मी नातीचे महिने मागे मोजले. दिवस राहिले त्या सुमारास ती गौरी-गणपतीला आमच्याकडे आठ दिवस राहिली होती. जार तेव्हा नव्हते. मी तिला दूर ठेवले होते ते धोक्याचा काळ उलटून गेल्यावर.

हे लपवणे मला अधर्म वाटले. फोन करून सगळे सांगितले.

"गेल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली," ती म्हणाली. "बाळाची पोटाची भिंत नीट आहे. मी मुद्दाम विचारून घेतलं. तुम्ही येऊ नको म्हणालात त्या दिवसापासून मला झोप कुठे होती?"

"ये," मी म्हणालो. "पाण्याविषयी अजून काही कळलेलं नाही. अंघोळीलाही दुसरं आणू."

"येईन. पण आधी आजीला फोन द्या. तुमच्याशी मी आत्ता नाही बोलणार."

मी फोन पत्नीच्या हाती दिला.