मेथीच्या रक्षणासाठी

हॅमिल्टन शहरातल्या आमच्या घरी त्या संध्याकाळी टीव्हीवर मंत्री सांगत होते, दहशतवाद इथवर पोहोचण्याआधी तिकडच्या देशात जाऊनच ठेचायला हवा, म्हणून सैनिक पाठवतोय. नवऱ्याने मान डोलावली. माझं डोकंच फिरलं.

सकाळी पाहते तर मागच्या अंगणातली माझी मेथी गोगलगाईंनी फस्त केलेली. मी नवऱ्याच्या हातात फावडं दिलं. “जा, शेजाऱ्याची बाग खणून काढ. तिथूनच येतात त्या.”

“पुरावा काय?”

“आहे, पण गुप्त आहे.”

“आणि सापडल्याच नाहीत तर?”

“तर बाग मुक्त केली म्हणायचं.”

“अगं, तो बिचारा कुंपणावरून आपल्याला पिशवी भरभरून लिंबं देतो! त्याच्या बागेचं काय?”

“हे,” मी म्हटलं, “काल मान डोलावताना का नाही सुचलं?”