भंडाऱ्याचा फोटो

बुऱ्हाणपुरात तळं नाही. तापी आहे, तिच्या काठावर किल्ला आहे, किल्ल्यात वेलबुट्टीच्या छताचा हमामखाना आहे. पण त्या काळात गावातल्या घरांच्या भिंतींवर लग्नाचे जे फोटो टांगलेले असत, त्यांत नवरा-नवरी एका तळ्याकाठी उभे दिसत. मागे घुमटांचा पांढरा महाल, पुढे पाण्यात दोन पक्षी. हे तळं कापडावर रंगवलेलं होतं आणि लालबागच्या रस्त्यावरच्या एका स्टुडिओत दांडीला गुंडाळून ठेवलेलं असे. मुळात त्यात दोन हंस होते. एकाची मान उंदरांनी खाल्ली, तेव्हा स्टुडिओच्या मालकीणबाईंनी ती स्वतः रंगवून काढली. तेव्हापासून तळ्यात एक हंस आणि एक बगळा होता. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मालकांना सगळे फोटोकाका म्हणत आणि मालकीणबाईंना काकू. काका फोटो काढत. फोटो कसा आला हे काकू ठरवत.

फोटो धुवायला मात्र पडद्यावरचं तळं उपयोगाचं नव्हतं. कागदावर उमटलेलं चित्र टिकायचं असेल तर त्यावरून भरपूर स्वच्छ पाणी जावं लागतं. ते पाणी स्टुडिओच्या मागच्या कुंडीतून येई. मोगलांच्या वेळी सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं होतं. त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी गोल तोंडं बांधली आहेत. ती तोंडं म्हणजे कुंड्या. बोगदा, पाणी आणि कुंड्या, सगळ्याला मिळून गावात भंडारा म्हणतात.

"नळाच्या पाण्यात नवरी पिवळी पडते," काका गिऱ्हाइकांना सांगत.

"पडू द्या की," काकू आतून म्हणत, "हळदीची वाटेल."

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा इथला वार्ताहर होतो. कापसाचा बाजार, कीर्तनं, पूर आणि चोऱ्या, एवढं माझं क्षेत्र. मध्य प्रदेशाची राजधानी अजून नागपूरला होती, पण राज्यांची नवी वाटणी होणार हे नक्की झालं होतं. आपण कुठे जाणार यावर मराठी घरांतून वाद चालत. जेवताना सुरू झालेला वाद हात वाळेपर्यंत चाले. बाजारातल्या भाजीवालीचं मत मी टिपून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, "राज कोनतं बी येऊ द्या भाऊ, वांगं तेच राहीन."

त्याच दिवसांत स्टेशनकडचा रस्ता रुंद करायचं निघालं. रस्त्याच्या आखणीत काकांची कुंडी बरोबर मधोमध आली. कामावरचा ओव्हरसियर उत्तरेकडून आलेला सज्जन माणूस होता. तो सांगायला स्वतः आला. कुंडी दगडमातीने भरणार, वरून खडी. काकांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की कुंडी बुजली की स्टुडिओ बुजला. दुसरीकडून पाणी आणून फोटो धुणं त्यांना जमणारं नव्हतं आणि दुसरा धंदा येत नव्हता.

ओव्हरसियरने चहा संपवला. "देखिए काकाजी, नागपुर में पुरानी इमारतों का दफ़्तर है. वहाँ से लिखवा लाइए कि यह पुरानी चीज़ है. फिर मैं हाथ नहीं लगाऊँगा."

"पुरानी नहीं तो क्या मेरे सासरे ने खोदी?" काकू म्हणाल्या.

"बहनजी, मैं मानता हूँ. काग़ज़ नहीं मानता. फ़ोटो भेजिए. और जल्दी. फ़ाइलें बँधने लगी हैं."

काकांनी दुसऱ्याच दिवशी कुंडीच्या तोंडाशी तिपाई लावून फोटो काढला. धुऊन, वाळवून काकूंपुढे धरला. काकूंनी तो उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "ही कढई कोणाची?"

वरून काढलेली कुंडी खरोखरच कढईसारखी दिसत होती. जे पाहण्यासारखं होतं ते खाली होतं: चुन्याचे थर चढलेल्या भिंती, कमान, वाहतं पाणी. म्हणजे खाली उतरायला हवं होतं. काका अंगाने भरलेले होते आणि कॅमेरा लाकडी, काचेच्या प्लेटांचा. जसोंडीचा एक शेतकरी त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता. त्याच्या तिन्ही मुलींची लग्नं त्याच तळ्याकाठी लागली होती. काकांनी त्याला निरोप धाडला की मोटेचा नाडा आणि बैलजोडी घेऊन ये, रविवारी भंडाऱ्याचा फोटो आहे.

निरोप नेणारा वाटेत बाजारात चहाला थांबला. तिथे निरोपातला नाडा गळाला, बैल गळाले आणि फोटोही गळाला. उरलं ते एवढंच की रविवारी फोटोकाकांकडे भंडारा आहे. आणि आमच्याकडे पाण्याचा भंडारा वर्षभर असला तरी रविवारचा भंडारा म्हणजे गावजेवण.

रविवारी सकाळी शेतकरी बैल घेऊन आला. लहान बाजेच्या चार कोपऱ्यांना दोर बांधून पाळणा केला. काका कॅमेरा मांडीवर घेऊन बसले, पाठीशी स्टुडिओतला आरसा बांधला.

"आजवर मोटंनं पानी काढलं काका," शेतकरी म्हणाला, "मानूस कधी घातला नाही."

"काढता येतो ना?"

"ते आता पाहू."

काका खाली गेले. थोड्या वेळाने आवाज आला की अंधार आहे. आणखी थोड्या वेळाने आवाज आला की फार अंधार आहे. ऊन तिरपं होतं, ते कुंडीच्या वरच्या कडेलाच अडकत होतं. आरसा होता, पण त्याला परतवायला उजेडच नव्हता.

त्याच सुमारास बायका यायला लागल्या. आधी शेजारच्या, मग पलीकडच्या आळीतल्या, मग अशा की ज्यांना काकूही ओळखत नव्हत्या. प्रत्येकीच्या हातात घरचं पितळी ताट, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. मागून पुरुषमंडळी, तांबे घेऊन. एकीने चुलीकडे पाहिलं, चूल थंड होती.

"काकू, पंगत कुठी बसून राहिली?"

"खाली," काकू म्हणाल्या. "भंडाऱ्यात. उतरा."

"थट्टा नका करू व माय. ताट घासता घासता हात गेले माहे."

"आमचे हे खाली फोटो काढायला गेलेत. भंडाऱ्याचा फोटो आहे आज. जेवण कोणी सांगितलं?"

"साऱ्या बाजारानं सांगितलं!"

बाचाबाची सुरू झाली. एक म्हातारी कुंडीच्या कडेशी येऊन खरंच खाली कोणी आहे का ते वाकून पाहू लागली. काखेतलं ताट तिने हातात घेतलं, ते कलतं झालं, आणि खालून काका ओरडले:

"कोण ते? हलू नका!"

म्हातारी घाबरून मागे सरली.

"गेला! उजेड गेला! परत पाडा!"

शेतकऱ्याला आधी कळलं. नाड्यावरची पकड न सोडता तो म्हणाला, "मावशी, तुमच्या ताटाचा उजेड खाली पडला. परत धरा तसंच."

त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं काकूंच्या हुकमतीखाली होती. ज्या बायकांना क्षणापूर्वी त्या घरी जायला सांगत होत्या, त्यांना त्यांनी कुंडीभोवती गोल उभं केलं. खालून काका सांगत, वरून काकू खेकसत. "निळं लुगडं, ताट खाली करा. अजून. तुमचं नव्हे, तुम्ही हिरव्या आहात. मावशी, पदर सांभाळा, फोटोत नाही, विहिरीत पडाल." एकेका ताटाचं ऊन कुंडीच्या भिंतीवरून घरंगळत खाली गेलं, आरशावर एकवटलं, आणि आरशाने ते बोगद्यात वळवलं. वर सगळ्या अवघडलेल्या हातांनी ताटं धरून उभ्या होत्या. फक्त एकीने हळूच विचारलं, "मंग जेवन हाय का नाही?"

काका वर आले तेव्हा डोक्यापासून ओले होते आणि हसत होते. काकूंनी गर्दीकडे पाहिलं, घासलेल्या ताटांकडे पाहिलं आणि शेजारणीकडे मोठं पातेलं मागायला गेल्या. खिचडी झाली. शेतकऱ्याने गाडीत बाजारासाठी आणलेला केळीचा घड उतरवला. म्हणजे बातमी खोटी ठरली नाही, फक्त घटना तिच्या मागून आली. वार्ताहराच्या कामात असं क्वचित होतं.

फोटो उत्तम आला. बोगद्याच्या कमानी एकीमागे एक दिसत होत्या, टोकाला पुढच्या कुंडीचा उजेड टिकलीएवढा. पाण्यावर चमकत्या चंद्रकोरी होत्या. त्या ताटांच्या होत्या, पण हे सांगितल्याशिवाय कळत नसे. काकूंनी तो बराच वेळ पाहिला आणि "धाडा" म्हणाल्या. काकांनी मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं: "भंडारा. आतील दृश्य."

मी म्हटलं, गावाचं नाव नाही लिहिलंत.

"भंडारा काय गावोगाव असतो?" काका म्हणाले.

फोटो नागपूरला गेला. तिथून उत्तर येण्याआधी राज्यांची वाटणी झाली. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि त्याची राजधानी भोपाळला गेली. नागपूर आणि त्याच्या आसपासचे मराठी जिल्हे मुंबईकडे गेले. ओव्हरसियर एकदा येऊन कुंडीपाशी उभा राहिला, मान हलवून गेला. खडीचे ढीग स्टुडिओपासून दिसतील इतके जवळ आले. याच सुमारास दैनिकाने मला नागपूरला कचेरीत बोलावून घेतलं.

तिथे काही महिन्यांनी भंडारा जिल्ह्याच्या वार्ताहराची बातमी माझ्या टेबलावर आली. जिल्ह्यात सरकारी माणसं एक प्राचीन विहीर शोधत हिंडत आहेत. त्यांच्याजवळ आतला फोटो आहे. गावोगाव तो दाखवतात, पण अशी विहीर कोणी पाहिलेली नाही. एका पाटलाने आपल्या तीन विहिरी दाखवल्या, तिन्ही नापास झाल्या. पाण्यावरच्या चंद्रकोरींमुळे काही ठिकाणी ही विहीर दैवी असल्याची चर्चा आहे.

बातमी मी दोनदा वाचली. नागपूरच्या कोणा कारकुनाने भंडारा हा शब्द पाहून फोटो भंडारा जिल्ह्याच्या गठ्ठ्यात ठेवला होता आणि तो गठ्ठा जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यात गेला होता. शेजारच्या टेबलावरचे सहकारी जेजुरीकडचे होते. त्यांना हे समजावताना आणखी वेळ गेला, कारण ते भंडारा म्हणजे खंडोबाची हळद धरून चालले होते.

बातमी दुरुस्त करून आम्ही छापली: "भंडाऱ्याची विहीर बुऱ्हाणपुरात." कात्रण काकांना धाडलं. काकांनी ते ओव्हरसियरला दाखवलं, ओव्हरसियरने वर कळवलं, आणि तिथून प्रकरण कोणाच्याच हातात राहिलं नाही. भोपाळचं म्हणणं पडलं की या विहिरीची फाइल आमच्याकडे नाही, ती मुंबईहून मागवावी. मुंबईचं म्हणणं पडलं की फाइल भंडारा जिल्ह्याची आहे, ती दुसऱ्या राज्याला देता येत नाही. विहीर हवी तर तिने आमच्या हद्दीत असलं पाहिजे. अधूनमधून दोन्हीकडून काकांना विचारणा होई की भंडारा म्हणजे नक्की कोणता.

सुट्टीत मी गेलो तेव्हा काका उत्तर लिहीत बसले होते. मुंबईला हिंदीत लिहीत होते.

"आणि भोपाळला?" मी विचारलं.

"शुद्ध मराठीत," काका म्हणाले. "भाषांतराला जातं. छान वेळ लागतो."

"दोघांनाही अहिराणीत लिहा," काकू आतून म्हणाल्या. "कुंडीला पिढ्यान्पिढ्या धक्का नाही."

ओव्हरसियरनेही नंतर फार जोर केला नाही. फाइल एका राज्यात आणि भोक दुसऱ्या राज्यात असताना ते कोणाच्या हुकमाने बुजवायचं, हा प्रश्न त्याच्या पगारापेक्षा मोठा होता. "काकाजी, यह तो विवादित हो गया," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याच्या आवाजात सुटका होती. रस्ता कुंडीला वळसा घालून गेला. वळणाचं कारण विचारणाऱ्या गाडीवानांना लोक सांगत की इथे मुंबईची हद्द लागते.

काकांनी भंडाऱ्याचा फोटो भिंतभर मोठा करून घेतला आणि तळ्याचा पडदा वर दांडीला गुंडाळून त्याच्या जागी लावला. खोटं पाणी पुरे झालं, आता गावातलं खरं पाणी मागे असू द्या, असं त्यांचं म्हणणं. पहिलंच गिऱ्हाईक शाहपूरचं होतं, नवं लग्न झालेलं, सोबत नवरीची आई. तिने भिंतीकडे पाहिलं आणि मुलीला हाताला धरून मागे ओढलं.

"हे काय हो? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पोरीला विहिरीत उभी करता?"

काकांनी बोगद्याचं, मोगलांचं, वाटणीचं सगळं सांगून पाहिलं. बाई दारातून हलली नाही. शेवटी काकूंनी दांडीवरचा पडदा सोडला. महाल खाली आला, तळं आलं, हंस आला, बगळा आला. नवरा-नवरी त्यापुढे उभे राहिले.

फोटो काढून काका मागच्या दाराने बादली घेऊन कुंडीवर गेले.