भिंतीवरच्या रेघा

निवडणूक संपली की झेंडे उतरतात. आमच्या बचत गटाच्या शेडमध्ये मात्र किस्से तेवढे साठून राहतात. दोघी जणी चुलीपुढं बसल्या, की एक तरी निघतोच! मी गटाची सचिव, दहावी शिकलेली. म्हणून बिलं मी लिहिते.

लोकसभेच्या वेळी इथं माकणीत एका उमेदवाराची सभा झाली. हजार माणसांचं जेवण आमच्याकडं होतं. आमच्यात मजुरी भाकरी मोजून, म्हणून पंचवीस भाकरी झाल्या की प्रत्येक बाई आपल्या नावापुढं भिंतीवर कोळशाची रेघ ओढते. त्या दिवशी भिंत नुसती काळी!

संध्याकाळी उमेदवाराचा खर्च बघणारे भाऊसाहेब आले. "ताई, पैसे पूर्ण घ्या. बिल तेवढं दोनशे माणसांचं करा, नाहीतर खर्च मर्यादेबाहेर जातो."

आमची सगळ्यात म्हातारी कौसाबाई म्हणाली, "मग बाकीचे उपाशी गेले व्हय?"

*

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "दहावीच तर शिकलात, ताई. एवढा कायदा कशाला?"

"बेरीज चौथीतच झाली होती, भाऊसाहेब!"

ते चिडले. "लग्नसराईत एक ऑर्डर मिळू देणार नाही!"

आम्ही घाबरलो. वर्षाचं घर त्याच ऑर्डरींवर चालतं. पण बिल हजार माणसांचंच गेलं.

*

मग एका सकाळी शेडवर रंगारी हजर. "भाऊसाहेबांकडून गटाला भेट!" बघता बघता रेघांची भिंत पांढरीशुभ्र.

कौसाबाईनं त्याला चहा दिला. "आलाच हाईस तर मागची भिंत बी रंगव, बाबा. लई पोपडे निघालेत."

बिचाऱ्यानं रंगवली!

*

शेवटी धाराशिवहून निवडणुकीचा खर्च तपासणारे सरकारी साहेब आले, मागोमाग भाऊसाहेबही. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही खुर्च्या मोजता, गाड्या मोजता. रांधणाऱ्या बाईला कुणी विचारतच नाही. तसा नियम करा."

"तसं कलम नाही, ताई."

"मग घाला!"

साहेबांनी वही उघडली. "उमेदवाराच्या हिशोबात दोनशे माणसं, तुमच्या बिलात हजार. पुरावा काय?"

भाऊसाहेब पांढऱ्या भिंतीकडं बघून हसले.

कौसाबाई पदराला हात पुसत उठली. "माझ्या सात रेघा."

"माझ्या आठ," दुसरी उठली.

"माझ्या सहा."

एकेक करत आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"अहो साहेब, बायकांच्या तोंडी बोलण्यावर काय लिहिता!" भाऊसाहेब ओरडले.

"लिवा, सायेब," कौसाबाई म्हणाली. "अन् ह्यांच्या चार भाकरी बी लिवा. म्याच वाढल्या व्हत्या!"